एका पेटीत चार सर्व्हर

चार जुने सर्व्हर काढायचे आणि त्यांच्या जागी एक नवा बसवायचा, एवढंच काम होतं. 'एवढंच' हा शब्द तज्ज्ञांनी स्वतःच्या तोंडाने मोठ्या साहेबांपुढे उच्चारला होता, आणि पुढे तो त्यांना बऱ्याच जणांनी बऱ्याच वेळा परत ऐकवला.

तज्ज्ञ हे काही त्यांचं नाव नव्हे. शहरातल्या बस कंपनीचं हरवलेल्या वस्तूंचं एक कार्यालय आहे, त्याच्या संगणक विभागाचे ते प्रमुख. विभागात ते, त्यांचं टेबल आणि एक कुरकुरणारं वातानुकूलन यंत्र असे तिघेच. मागे एकदा मोठ्या साहेबांचा प्रिंटर चालेना, तेव्हा यांनी जाऊन भिंतीवरचं बटण दाबलं. तेव्हापासून कार्यालय त्यांना तज्ज्ञ म्हणू लागलं. काहीजण आदराने म्हणतात, बाकीच्यांचं सांगता येत नाही.

आता बसमध्ये माणसं काय काय विसरतात हे ज्याने पाहिलं नाही, त्याचा मनुष्यस्वभावाबद्दल उगाचच बरा समज असतो. छत्र्या, डबे, चष्मे, कवळ्या, कुबड्या (एकच कुबडी, जोडी नव्हे, म्हणजे माणूस चालत गेला कसा हा प्रश्न राहतोच) आणि एकदा चक्क एक शिडी. या सगळ्यांची नोंद संगणकावर होते. त्यासाठी चार सर्व्हर होते. पहिल्यावर सर्वसाधारण वस्तू. दुसऱ्यावर फक्त छत्र्या, कारण त्या इतक्या वाढल्या की पहिल्याला झेपेनात. तिसऱ्यावर वस्तू मागायला येणाऱ्यांचे अर्ज. आणि चौथ्यावर काय आहे हे कोणालाच माहीत नव्हतं. तो बंद करून बघावा असं अनेकांच्या मनात येऊन गेलं होतं, पण बटणापर्यंत हात नेण्याची छाती कोणाची झाली नव्हती.

हे चारही सर्व्हर म्हातारे झाले होते. आणि नेमक्या त्याच सुमारास मोठ्या साहेबांच्या डोक्यात संगणक विभाग मोडून भांडारात विलीन करण्याचं घाटू लागलं. ही कल्पना भांडारपालाची. संगणक म्हणजे शेवटी वस्तूच, आणि वस्तू म्हणजे भांडार, असं त्याचं सरळ गणित होतं. तसं झालं असतं तर तज्ज्ञांचं टेबल तळघरात छत्र्यांच्या मांडणीखाली गेलं असतं, जिथे बारा महिने ओल्या कापडाचा वास येतो. टेबलाचंही त्यांना एवढं वाटलं नसतं. पण घरी हे सांगितल्यावर बायकोने विचारलं, "म्हणजे तुमच्या रजेच्या अर्जावर तो सही करणार?" आणि तज्ज्ञांनी हातातला घास ताटात परत ठेवला.

म्हणून बैठकीत ते उभे राहिले. एकच दणकट यंत्र घेऊ, त्यात चार व्हर्च्युअल सर्व्हर चालवू, वीज वाचेल, जागा वाचेल, एकही नोंद जाणार नाही आणि लोकांना वस्तू परत देण्याची खिडकी एक दिवसही बंद राहणार नाही, असं त्यांनी ठणकावून सांगितलं. एवढंच काम आहे, हे वाक्य त्यातलंच.

मोठे साहेब म्हणाले, "करून दाखवा. विभागाचं मग बघू. नाही जमलं तर मात्र टेबल खाली."

शेजारी एक निवृत्त बॉयलर निरीक्षक राहतात. त्यांना कळल्याशिवाय इमारतीत काही घडत नाही, आणि कळल्यावर धड घडत नाही. संध्याकाळी ते येऊन बसले. तज्ज्ञांनी त्यांना समजावून सांगितलं की एका मोठ्या यंत्राला चार छोटी यंत्रं असल्याचं सोंग घ्यायला लावायचं. आतल्या प्रत्येकाला वाटतं की आपण स्वतंत्र आहोत, आपली स्मृती वेगळी, आपली डिस्क वेगळी.

"म्हणजे एकत्र कुटुंब," निरीक्षक म्हणाले.

"साधारण तसंच."

"आणि पेटी बंद पडली तर?"

"तर चारही बंद पडतात."

निरीक्षकांनी चहाचा कप खाली ठेवला. "आम्ही बॉयलरच्या बाबतीत असं कधीच मंजूर केलं नसतं," एवढं बोलून ते गप्प बसले. ते गप्प बसले की जास्त त्रास होतो.

यंत्र निवडण्याचं काम तज्ज्ञांनी मन लावून केलं. हे चार सर्व्हर एका पेटीत नांदवणारं जे सॉफ्टवेअर असतं, त्याची कंपनी एक यादी प्रसिद्ध करते. कोणती पेटी, कोणतं डिस्कचं कार्ड (ज्याच्यामार्फत पेटी डिस्क वाचते ते), कोणतं नेटवर्कचं कार्ड आमच्याबरोबर चालेल, ते त्यात असतं. कारण प्रत्येक कार्डाशी बोलायला सॉफ्टवेअरला ड्रायव्हर नावाचा एक छोटा प्रोग्राम लागतो, आणि तो असला तर ते कार्ड आहे, नसला तर नाही. (ड्रायव्हर हा शब्द ऐकून बस कंपनीत जो विनोद सुचतो तो सगळ्यांना सुचला, सगळ्यांनी केला, आणि प्रत्येकाला वाटलं की आपणच पहिले. तज्ज्ञ प्रत्येक वेळी हसले.) ती यादी त्यांनी घरी आणून वाचली. डेटाबेस चालवायचा तर स्मृती भरपूर हवी, डिस्क जलद हव्यात आणि डिस्कचं कार्ड असं हवं की वीज गेली तरी त्याने हातातलं लिखाण टाकून पळू नये. सगळं जुळवून त्यांनी एक पेटी आणि एक कार्ड मुक्रर केलं.

पुरवठ्याचं काम मात्र तज्ज्ञांच्या मेहुण्याकडे गेलं. यात काही काळंबेरं नव्हतं. निविदा मागवल्या होत्या, पण बस कंपनीचे कागद भरण्याचा धीर बाजारात फक्त त्यालाच होता. तज्ज्ञांनी नातं असल्याचं लेखी कळवलं, त्यावर साहेबांनी 'पाहिले' असा शेरा मारला, आणि नीतीचा प्रश्न निकालात निघाला.

मेहुणा पेटी घेऊन घरीच आला, आधी ताईला दाखवायला. "भाऊजी, पेटी तुम्ही सांगितलीत तीच आहे. कार्ड फक्त त्याच्या वरचं टाकलंय. यादीतलं येत नाही आता. चिप त्याच घराण्यातली, फक्त पुढच्या पिढीची. उलट फायदाच झाला तुमचा."

"पण हे यादीत आहे का?"

"भाऊजी, याद्या कोण वाचतं?"

"मी वाचली."

त्यावर बायको आतून म्हणाली, "अहो, माझा भाऊ तुमचं वाईट करेल का?"

या प्रश्नाला आजवर कोणत्याही नवऱ्याने 'हो' म्हटल्याचं ऐकिवात नाही. तज्ज्ञांनीही पायंडा मोडला नाही.

पेटी कार्यालयात आली ती आधी भांडारात गेली, कारण बाहेरून आलेली वस्तू आधी भांडारातच जाते. तिथला एक जुना नियम आहे. कंपनीच्या मालकीच्या प्रत्येक नगावर पांढऱ्या तैलरंगात क्रमांक घातल्याखेरीज तो वापरायला द्यायचा नाही. खुर्च्यांवर क्रमांक आहेत, टाचणीच्या डब्यांवर आहेत, भिंतीवरच्या घड्याळाच्या काचेवर तर असा आहे की पावणेदहा आणि दहा यांत फरक करता येत नाही. मेहुण्याच्या बिलात कार्ड वेगळं दाखवलं होतं. भांडारपाल नियमाला धरून चालणारा माणूस. त्याने पेटी उघडवून कार्ड बाहेर काढवलं आणि रंगाऱ्याच्या हातात दिलं. रंगारी कलावंत. त्या गर्दीच्या हिरव्या पाटीवर त्याला मोकळी जागा दिसेना. मग एका कडेला सोनेरी पट्टी दिसली. पांढरा रंग सोनेरीवर चांगला उठून दिसतो म्हणून त्याने मोठ्या निगुतीने तिथे क्रमांक काढला.

ती सोनेरी पट्टी म्हणजे कार्ड पेटीत जिथे बसतं, नेमकी ती कड.

"वाळलाय," भांडारपाल कार्ड देताना म्हणाला. "आता पुसला जायचा नाही."

तज्ज्ञांनी साप्ताहिक सुट्टीच्या सकाळी स्पिरिट, कापूस आणि खोडरबर घेऊन तो क्रमांक पुसला. शेवटच्या आकड्याने मात्र त्यांना घाम फोडला. पुसल्यानंतर त्यांच्या लक्षात आलं की कंपनीच्या मालमत्तेवरचा क्रमांक पुसणं हा गुन्हा आहे, आणि दिवसभर ते दरवाजाकडे बघत काम करत राहिले.

कार्ड बसलं. पेटी सुरू झाली. सॉफ्टवेअर चढू लागलं आणि एका जागी थांबून म्हणालं की एकही डिस्क सापडत नाही. तज्ज्ञांनी वाकून पाहिलं. डिस्क होत्या. त्यांचे दिवे हिरवे होते, लुकलुकतही होते. त्यांनी सॉफ्टवेअर कंपनीच्या मदत केंद्राला फोन लावला. तिकडून बोलणाऱ्या माणसाचा आवाज फार मृदू होता.

"आपलं डिस्कचं कार्ड यादीत आहे का?"

"यादीतल्याच्या वरचं आहे."

"वरचं यादीत आहे का?"

"नाही."

"मग ते कार्ड नाही, सर."

"अहो, माझ्यासमोर आहे. हात लावतोय मी त्याला."

"आपल्यासमोर असेल सर. आमच्या दृष्टीने ते नाही. त्याचा ड्रायव्हर मागच्या आवृत्तीत होता, पण कार्डाला मागणी नाही म्हणून या आवृत्तीत काढला. आणखी काही मदत करू शकतो का?"

'आणखी' या शब्दावर तज्ज्ञांनी फोन ठेवला.

त्यांनी मागची आवृत्ती चढवली. तिला डिस्क ताबडतोब दिसल्या. आनंद फार टिकला नाही, कारण त्या आवृत्तीला पेटीतलं नेटवर्कचं कार्ड दिसेना. ते तिच्या काळात जन्मलंच नव्हतं. जुनीला डिस्क दिसे, नेटवर्क दिसत नसे. नवीला नेटवर्क दिसे, डिस्क दिसत नसे. एका घरात दोन म्हातारी माणसं असावीत, एकाला ऐकू येत नाही आणि दुसऱ्याला दिसत नाही, आणि पाहुण्यांनी दोघांशी बोलावं, तशी त्यांची गत झाली. दिवसभर ते या आवृत्तीतून त्या आवृत्तीत जा-ये करत होते.

मेहुण्याला फोन केला. तो म्हणाला, "थोडं थांबा भाऊजी. पुढच्या आवृत्तीत येईल ड्रायव्हर."

"कधी?"

"आली की कळेलच."

"तू हे कार्ड परत घे आणि यादीतलं कुठूनही आणून दे."

मेहुणा घ्यायला तयार होता, हे त्याचं मोठेपण. घोडं अडलं भांडारात. नोंद झालेला नग कंपनीच्या आवाराबाहेर जाऊ शकतो तो फक्त भंगारात, आणि नवा नग भंगारात काढायला तो नादुरुस्त असल्याचा दाखला लागतो. कार्ड तर ठणठणीत होतं. "आणि त्याच्यावरचा क्रमांक कुठे गेला?" असं भांडारपालाने कार्ड उजेडात धरून विचारलं, तेव्हा तज्ज्ञांनी ते त्याच्या हातातून हळूच काढून घेतलं आणि विषय तिथेच सोडला.

पुढचे काही दिवस ते कोणाशी धड बोलत नव्हते. निरीक्षक रोज जिन्यात भेटून विचारायचे, "वाफ धरली का?" साहेबांच्या शिपायाने परस्पर तळघरातल्या मांडणीखालची जागा झाडून ठेवल्याचंही कानावर आलं. तज्ज्ञ रात्री यादी उशाशी घेऊन झोपत. आणि एका सकाळी, दाढी करताना, त्यांना आठवलं की यादीच्या अगदी तळाशी एक जुनं, साधं, गरीब कार्ड आहे. जलद नाही, पण दोन्ही आवृत्त्यांनी ज्याला नाही म्हटलेलं नाही असं. आणि ते कार्ड त्यांनी कुठेतरी पाहिलंय.

ते होतं चौथ्या सर्व्हरमध्ये.

म्हणजे चौथा बंद करणं आलं. ही बातमी कार्यालयभर पसरली. खिडकीवरची बाई म्हणाली, "साहेबांना विचारलंत का?" साहेब म्हणाले, "भांडारपालांचं मत घ्या." भांडारपाल म्हणाला की जबाबदारी ज्याची त्याची. तज्ज्ञांनी आधी चौथ्यातलं सगळं एका वेगळ्या डिस्कवर उतरवून घेतलं, ते काय आहे याकडे न बघता, कारण बघितलं तर धीर सुटेल अशी त्यांना भीती होती. मग बटण दाबलं. पंखा थांबला. सगळे आपापल्या जागी उभे राहिले. दिवे होते. फोन चालू होते. साहेबांनी आपल्या खोलीतून बाहेर येऊन लिफ्ट वर आणून खाली नेऊन पाहिली. काहीही झालं नाही. दिवसभर लोक काही झालं का ते एकमेकांना विचारत राहिले, आणि संध्याकाळी काहीच न झाल्याबद्दल थोडी निराशा घेऊन घरी गेले.

जुनं कार्ड नव्या पेटीत बसलं. नव्या आवृत्तीला डिस्क दिसल्या, नेटवर्कही दिसलं. तज्ज्ञांनी खुर्चीत मागे रेलून डोळे मिटले.

तरी छत्र्यांनी रडवलंच. सर्वसाधारण वस्तू आणि अर्ज मुकाट्याने आत आले. छत्र्यांचा सर्व्हर मात्र इतका जुना होता की नव्या पद्धतीची जलद व्हर्च्युअल डिस्क दिली की तो उठताच आपली डिस्कच ओळखत नसे, आणि चूक झाल्याचा निळा पडदा टाकून बसत असे. जुन्या पद्धतीची, जुन्या कार्डाची नक्कल करणारी डिस्क दिली की ओळखे, पण मग एक छत्री शोधायला इतका वेळ लागे की तोवर माणसाने नवी घेतली असती. इथे तज्ज्ञांनी जे केलं ते पूर्णपणे त्यांचं स्वतःचं. त्यांनी त्याला आधी जुन्या चालीच्या डिस्कवर उठवलं. मग शेजारी नव्या पद्धतीची एक छोटीशी, रिकामी डिस्क नुसतीच ठेवली, ज्यावर काही लिहायचं नव्हतं. त्याने ती पाहिली, चौकशी केली, तिचा ड्रायव्हर लावून घेतला. ओळख झाल्यावर त्याला झोपवून मूळ डिस्कच नव्या पद्धतीवर नेली, आणि तो बिनतक्रार उठला. छत्र्या भराभर सापडू लागल्या.

हे सांगायला त्यांना कार्यालयात कोणी मिळालं नाही. घरी बायको कपाट आवरत होती, तिला त्यांनी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे आधी ओळख करून दिलीत आणि मग संसार थाटलात." तज्ज्ञांना फार बरं वाटलं. कोणाला तरी कळलं होतं.

चौथाही त्यांनी आत घेतला. तो काय करतो ते अजून कोणालाच माहीत नव्हतं. पण कशाचं आहे ते ठाऊक नाही म्हणून एखादी गोष्ट फेकून देणं त्या कार्यालयाच्या तत्त्वात बसत नाही.

ठरल्याप्रमाणे एकही नोंद गेली नाही आणि खिडकी एक दिवसही बंद राहिली नाही. त्यामुळे काही घडलं आहे हेच कोणाच्या ध्यानात आलं नाही. खिडकीवरची बाई फक्त एवढंच म्हणाली की हल्ली संगणक बरा चालतो, बहुतेक हवा बदलली म्हणून.

मग आल्या तपासनीस बाई. मुख्य कचेरीतून वर्षाकाठी एकदा येतात, आणि पुस्तकात आहे ते प्रत्यक्षात आहे का ते बघतात. प्रामाणिक बाई. भांडारातल्या पायपुसण्यासुद्धा मोजतात. त्यांच्या हातातल्या मंजुरीच्या कागदावर 'सर्व्हर, आभासी, नग चार' असं लिहिलं होतं, आणि ते तज्ज्ञांनीच लिहिलं होतं, कारण चार जुने भंगारात काढायचे तर बदली चार नग दाखवावे लागतात.

"दाखवा," बाई म्हणाल्या.

तज्ज्ञांनी पडदा त्यांच्याकडे वळवला. "हे चार. हा पहिला, हा छत्र्यांचा, हा अर्जांचा आणि हा चौथा."

"ही नावं झाली. नग दाखवा."

"नग म्हणजे ही पेटी."

"ही एक. उरलेले तीन?"

"तेही यातच आहेत."

"उघडा."

पेटी उघडली. बाईंनी चष्मा बदलून आत पाहिलं. पंखे होते, वायरी होत्या, एक जुनं कार्ड होतं. "यात कुठे?"

"तसे दिसणार नाहीत. चालतात, पण दिसत नाहीत."

"हात लावता येईल असा एक तरी?"

तज्ज्ञांनी त्यांना समजावलं. एकत्र कुटुंबापासून सुरुवात केली आणि ड्रायव्हरपर्यंत आले. बाईंनी सगळं ऐकून घेतलं, मधे जांभईसुद्धा दिली नाही. मग म्हणाल्या, "ते नाहीत असं मी म्हणत नाही. मी आपलं 'आढळून आले नाहीत' एवढंच लिहिते. खोटं लिहायची मला सवय नाही."

आढळून न आलेल्या वस्तूची त्या इमारतीत एकच गती. तज्ज्ञांना खिडकीपुढे रांगेत उभं राहावं लागलं. पुढे एक गृहस्थ कवळी शोधायला आले होते. यांचा नंबर आल्यावर खिडकीवरच्या बाईने रीतसर विचारलं, "वस्तू?"

"सर्व्हर. तीन."

"रंग?"

"रंग नाही."

"शेवटचे कुठे पाहिलेत?"

तज्ज्ञांनी आपल्या विभागाकडे बोट दाखवलं. बाईने 'कार्यालयातच' असं लिहून कळ दाबली. नोंद क्षणात झाली. ती पहिल्या सर्व्हरवर गेली, आणि अर्ज तिसऱ्यावर गेला. दोन्हीही तितक्याच चपळाईने, हे तज्ज्ञांच्या नजरेतून सुटलं नाही.

त्याच आठवड्यात साहेबांनी बोलावलं. भांडारपाल आधीच बसलेला होता. साहेब खुशीत होते. "उत्तम काम केलंत तुम्ही. सगळं सुरळीत चाललंय असं ऐकतो. आता एकच पेटी उरली, ती आपली आपण चालते. मग एका पेटीसाठी वेगळा विभाग कशाला, असं माझ्या मनात आलं. विलीनीकरणाचा हुकूम तयार आहे. भांडारपालांनी ताबा घेतला की झालं."

तज्ज्ञांना वाटलं आपण नीट ऐकलं नाही. मोडलं असतं तर टेबल खाली जाणार होतं, आणि चाललं म्हणूनही ते खालीच चाललं होतं.

भांडारपालाने हुकूम घेतला, वाचला, आणि टेबलावर परत ठेवला. "साहेब, ताबा घ्यायचा तर नग पूर्ण हवेत. तीन कमी आहेत. तपासणीत नोंद आहे, खिडकीवर नोंद आहे. उद्या मी सही केली तर ते तीन माझ्या नावावर लागतील. सापडेपर्यंत मी या विभागाला हात लावणार नाही."

"अहो, ते हरवलेले नाहीत. आतच आहेत कुठेतरी. तसं तज्ज्ञांनी मागेही सांगितलं होतं."

"मग मला दाखवा. नाहीतर नीट समजावून सांगा, पटलं तर आत्ता सही करतो."

साहेबांनी फोन बाजूला ठेवला. भांडारपालाने खुर्ची पुढे ओढली. शिपाईसुद्धा दारात थांबला. "सांगा तज्ज्ञ," साहेब म्हणाले, "अगदी पहिल्यापासून, सावकाश. आज आम्हाला समजून घ्यायचंच आहे."

तज्ज्ञांनी तिघांच्या तोंडांकडे पाहिलं. इतक्या महिन्यांत त्यांचं बोलणं ऐकायला असं कोणी बसलं नव्हतं. काय सांगायचं ते त्यांच्या जिभेवर होतं, क्रमवार होतं, छत्र्यांच्या डिस्कची युक्ती तर कोणालाही आवडली असती.

"सापडत नाहीत, साहेब," ते म्हणाले. "शोध चालू आहे."

हुकूम खणात गेला. तज्ज्ञांच्या सेवापुस्तकात 'तीन सर्व्हर निष्काळजीपणामुळे गहाळ, शोध सुरू' असा शेरा पडला, आणि त्याखाली त्यांनी वाचून सही केली. एक नोंदही न गमावलेल्या माणसाला ती सही करताना वाईट वाटायचं ते वाटलंच.

घरी बायकोने दार उघडताच विचारलं, "विभाग राहिला?"

"राहिला."

"मग चेहरा असा का?"

तज्ज्ञ बूट काढत बसले. "आज सगळे ऐकायला तयार होते गं," ते म्हणाले.